गाण्यातला त्यांचा वाटा: विशेष गरजा असलेली मुले आणि शाळेतला संगीताचा तास

प्राथमिक शाळेत संगीत शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या चाळीस मुलांच्या वर्गात या वर्षी चार मुले अशी आहेत की ज्यांना नेहमीचा पाठ जसाच्या तसा देता येत नाही. एक स्वमग्न मुलगा ढोल वाजू लागताच कान झाकून दाराकडे धावतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा कमी असणे) असलेली एक मुलगी चाकाच्या खुर्चीत बसते आणि तिचा हात हवा तेव्हा हवा तिथे पोहोचत नाही. एका मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बसवायचे ऐकण्याचे यंत्र, बसवलेले आहे, आणि एका मुलीची दृष्टी फार अधू आहे. या चौघांना एकेक खंजिरी देऊन वर्गाच्या कडेला बसवावे, की त्यांचा तास वेगळा घ्यावा, असे त्या विचारतात.

गेली वीसहून अधिक वर्षे मी अशाच मिश्र वर्गांमध्ये संगीत शिकवते आहे आणि माझ्या मते या दोन्ही वाटा सोडून द्याव्यात. वेगळ्या तासाला काही प्रसंगी जागा असते, त्याविषयी पुढे लिहिते. कडेला दिलेल्या खंजिरीला मात्र जवळजवळ कधीच नसते, कारण ती खंजिरी वाजली काय आणि न वाजली काय, गाण्याला काहीच फरक पडत नाही आणि मुलांना हे मोठ्यांच्या आधी कळते. मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठेवली आहे: त्या मुलाचा वाटा एका दिवशी गाळला तर बाकीच्या वर्गाला गाणे अडखळल्यासारखे, अपुरे वाटले पाहिजे. वाटा एका सुराचा असला तरी चालेल, चार ओळींनंतर एकदाच येणारा असला तरी चालेल, पण त्याच्यावाचून पुढे जाता येणार नाही अशा जागी तो बसवलेला असावा.

संगीताच्या इतिहासात याचे एक उत्तम उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विटगेनश्टाइन या पियानोवादकासाठी फ्रेंच संगीतकार मॉरिस रॅव्हेल यांनी केवळ डाव्या हाताने वाजवायचा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासह एकल वादनाची रचना) लिहिला आणि 1932 मध्ये तो व्हिएन्नात प्रथम वाजला. रॅव्हेल यांनी दोन हातांची रचना कापून अर्धी केली नाही. जो हात होता त्याची ताकद, त्याचा पल्ला आणि त्याची मर्यादा धरून रचना केली. शाळेच्या वर्गात आपल्याला याच क्रमाने विचार करावा लागतो, म्हणजे आधी मुलाचा हात, कान किंवा आवाज काय करू शकतो ते पाहायचे आणि मग गाण्यात त्यासाठी जागा काढायची.

आपल्या चौघांपैकी खुर्चीतल्या मुलीपासून सुरुवात करते, कारण शिक्षकांच्या सर्वाधिक चुका मी इथे पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत. सेरेब्रल पाल्सीमध्ये हात उचलायचा हा विचार आणि हात प्रत्यक्ष उचलला जाणे यांच्यात काही सेकंद जाऊ शकतात. शिक्षक म्हणतात ‘वाजव’, दोन सेकंद काही होत नाही, म्हणून ते पुन्हा म्हणतात ‘वाजव’, आणि नेमका निघू लागलेला हात या दुसऱ्या हाकेने दचकून मागे जातो. म्हणून पहिले काम वाद्य निवडण्याचे नसून घड्याळ लावून मोजण्याचे आहे. तीन-चार वेगवेगळ्या दिवशी, मुलगी ताजीतवानी असताना आणि थकलेली असताना, इशारा दिल्यापासून आवाज येईपर्यंत किती वेळ जातो ते लिहून ठेवावे. समजा तो साधारण तीन सेकंद निघाला. आता आठ मात्रांचे आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत चालले असेल, तर एक मात्रा एका सेकंदाची होते, आणि तिचा ठोका समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचा असेल तर इशारा सहाव्या मात्रेला द्यायला हवा. हाच इशारा आपण समेच्या जरा आधी, सवयीने मान हलवून, देत आलेलो असतो आणि मग ती ‘तालात नाही’ असा शेरा मारतो. लय मिनिटाला नव्वद मात्रांची झाली तर त्याच तीन सेकंदांत साडेचार मात्रा बसतात, इशारा मात्रेच्या अधेमध्ये पडतो आणि कोणालाच तो नीट देता येत नाही. अशा वेळी संपूर्ण वर्गाची लय उतरवणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. उरलेल्या वर्गाला विलंबित लयीत टिकून राहणे जलद लयीपेक्षा अवघड जाते, त्यामुळे त्यांचे शिक्षण यात कमी होत नाही. प्रत्येक समेऐवजी एक आड एक समेवर ठोका ठेवला तर थकवाही आटोक्यात राहतो.

वाद्य कुठे ठेवले आहे याला वाद्य कोणते आहे याच्याइतकेच महत्त्व आहे. मुलीचा हात सहज कुठल्या बाजूला जातो ते पाहून तिथेच, त्याच उंचीवर, थोडे तिरके करून वाद्य पक्के बसवावे. मांडीवर ठेवलेले वाद्य घसरते आणि मुलगी वाजवण्याऐवजी ते सावरण्यात गुंतते. खाली घसरू न देणारा रबरी तुकडा ठेवावा. काठीची मूठ फोमची नळी चढवून जाड केली की पकड नीट न होणाऱ्या हातातही ती राहते. बसण्याच्या स्थितीविषयी मात्र व्यवसायोपचारतज्ज्ञांना (ऑक्युपेशनल थेरपिस्टना) विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने बदल करू नयेत, कारण पाय टेकलेले नसतील आणि कंबर आधाराने स्थिर नसेल तर हातावरचा ताबा आणखी कमी होतो.

दोन गोष्टी टाळाव्यात. एक म्हणजे मनगटाला घुंगरू बांधणे. ज्या मुलांच्या शरीराच्या हालचाली आपोआप होतात त्यांच्या हाताला घुंगरू बांधले की प्रत्येक झटक्याला आवाज येतो, वर्गाला वाटते ती वाजवते आहे, आणि तिला मात्र आपण केव्हा वाजवले आणि केव्हा नाही हे कळेनासे होते. आवाज तिच्या इच्छेचा राहत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तिचा हात आपल्या हातात धरून ठोका मारणे. मदत द्यायचीच असेल तर आपला तळहात तिच्या हाताखाली ठेवावा, म्हणजे ती हात कधीही काढून घेऊ शकते आणि ठोक्याचा निर्णय तिच्याकडे राहतो. वर्गातल्या मदतनीसांनाही हे समजावून सांगावे लागते, कारण काही तरी वाजलेच पाहिजे या काळजीने त्या मुलाच्या आधी स्वतःच वाजवून मोकळ्या होतात. मदतनीसांच्या हाती त्यांचा स्वतःचा वाटा द्यावा आणि त्यांना मुलाच्या किंचित मागे बसवावे. हा छोटा बदल मला अनेक महागड्या साधनांपेक्षा उपयोगी पडला आहे.

सुरांची वाद्ये वापरताना पट्ट्या काढता येणारा झायलोफोन (काठीने वाजवायच्या सुरेल पट्ट्यांचे वाद्य) असेल तर फार सोय होते. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या शिक्षणपद्धतीतून शाळांमध्ये पोहोचलेली ही वाद्ये आहेत. मध्यम आणि निषादाच्या पट्ट्या काढून ठेवल्या की सा, रे, ग, प, ध एवढेच सूर उरतात, आणि भूप रागाच्या या पाच स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर कुठेच नसल्यामुळे कोणत्याही पट्टीवर काठी पडली तरी ती कानाला खटकत नाही. मात्र ही सोय म्हणजे शिक्षण नव्हे. काही आठवड्यांनंतर दोनच पट्ट्या ठेवून ‘ओळीच्या शेवटी सा वर ये’ असे काम द्यावे, नाही तर वर्षभर सगळे ‘छान’ वाजते आणि मूल काहीही शिकत नाही. हात अजिबात चालत नसेल तर एक बटण दाबल्यावर आधी भरलेला आवाज ऐकवणारे साधे यंत्र मिळते. त्यात ध्रुवपद भरताना शिक्षिकेचा आवाज न भरता वर्गातल्या त्याच वयाच्या मुलीचा आवाज भरावा, आणि गाणे बदलले की तो बदलावा.

आता कान झाकणाऱ्या मुलाकडे वळू. त्याला संगीत आवडत नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाजाची तीव्रता आपल्यापेक्षा वेगळी जाणवते, आणि त्याहून जास्त त्रास आवाजाच्या अचानकपणाचा होतो. चाळीस मुले वाद्ये वाटून घेत असताना जो गोंगाट होतो तो गाण्याचा भागच नसतो, पण मुलगा पळतो तो बहुधा त्याच वेळी. म्हणून वाद्ये आधीच जागेवर मांडून ठेवावीत, ढोलाच्या काठ्यांना कापड गुंडाळावे, आणि आवाज सुरू होण्यापूर्वी नेहमी एकच दृश्य खूण द्यावी. कानावर घालायचे संरक्षक हेडफोन जवळ ठेवावेत. मात्र ते पूर्ण तासभर, दररोज घालून ठेवले तर कान शांततेला सरावतो आणि बाहेरचा आवाज आणखी बोचतो, त्यामुळे ते मोठ्या आवाजाच्या भागापुरते वापरून काढावेत. दाराजवळची एक जागा त्याची म्हणून ठरवून द्यावी. जाता येते हे ठाऊक असलेला मुलगा बहुतेक वेळा जात नाही.

याहूनही प्रभावी ठरलेला उपाय म्हणजे आवाजाचा लगाम त्याच्या हाती देणे. वर्गापुढे उभे राहून हात वर केला की मोठ्याने, खाली आणला की हळू, मूठ मिटली की शांतता, असे संचालन त्याला शिकवावे. जो आवाज आपल्या मुठीने थांबतो तो अचानक राहत नाही. माझ्या एका वर्गात ढोलाच्या पहिल्या ठोक्याला बाहेर पळणारा मुलगा सात-आठ आठवड्यांनी चाळीस मुलांना समेवर थांबवत होता, आणि त्याची मूठ माझ्यापेक्षा काटेकोर होती. संचालक गैरहजर असला की वर्ग चुकतो, म्हणून वर सांगितलेल्या कसोटीला हे काम पुरेपूर उतरते.

थोडे विषयांतर करते. स्वमग्न व्यक्तींमध्ये निरपेक्ष स्वरज्ञान, म्हणजे कोणत्याही आधाराशिवाय सुराची नेमकी उंची ओळखण्याची क्षमता, इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आढळते. एक मुलगी काही सोमवारी प्रार्थना सुरू होताच ओरडायची आणि काही सोमवारी शांत बसायची. आम्ही तिची झोप, घरची परिस्थिती, बसण्याची जागा असे सगळे तपासले. अखेरीस लक्षात आले की पेटी उपलब्ध नसलेल्या दिवशी मी अंदाजाने सूर धरत होते आणि तो कधी एक स्वर वर, कधी खाली लागत होता. तिच्या लेखी मी दर वेळी वेगळे गाणे तेच म्हणून गात होते. तेव्हापासून मी षड्ज, म्हणजे सा, नेहमी वाद्यावरूनच घेते.

कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या मुलाबाबत हे लक्षात घ्यावे की ते यंत्र प्रामुख्याने बोलणे समजावे यासाठी घडवलेले आहे. निरोगी कानात ध्वनीचे संदेश मेंदूकडे पाठवणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे 3500 असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम बनावटीनुसार साधारण 12 ते 22 इलेक्ट्रोड करतात. यामुळे लय त्याला बहुतेक इतरांसारखीच कळते, परंतु जवळजवळच्या सुरांतला फरक धूसर होतो आणि अनेक वाद्ये एकत्र वाजली की त्यांचा गोळा होतो. म्हणून त्याला आधी एकच वाद्य, एकच आवाज, शब्द आणि ठोका स्पष्ट असलेली गाणी द्यावीत, आणि सूर चुकला म्हणून सर्वांसमोर टोकू नये. सुराची दिशा हाताच्या उंचीने दाखवली तर त्याला मोठा आधार मिळतो. इंग्लंडमधील संगीतशिक्षक जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केलेल्या आणि पुढे हंगेरीच्या कोडाय संगीतशिक्षण पद्धतीने जगभर नेलेल्या स्वरांच्या हस्तमुद्रा यासाठी उपयोगी आहेत, आणि त्या साऱ्या वर्गाला शिकवल्या तर तो एकटा वेगळा पडत नाही. शिक्षकाच्या गळ्यातला जो माइक थेट त्याच्या यंत्रात आवाज पोहोचवतो, तो आपण ढोलाजवळ गेल्यावर बंद करायला विसरू नये. ही चूक एकदा माझ्या हातून झाली आहे आणि त्या मुलाचा चेहरा मी विसरलेले नाही.

स्पर्शाचा मार्गही आहे. त्वचेला कंपने सर्वाधिक चांगली जाणवतात ती सेकंदाला दोनशे ते तीनशे आवर्तनांच्या आसपास, आणि हजाराच्या वर ती जवळजवळ जाणवतच नाहीत. म्हणून घुंगरू किंवा झांजेपेक्षा मोठा ढोल, तोही पोकळ लाकडी मंचावर ठेवलेला, पायांतून आणि तळव्यांतून पोहोचतो. बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झालेल्या एव्हलिन ग्लेनी या तालवादक अनवाणी वादन करतात ते याच कारणाने. तरीही प्रत्येक बहिऱ्या मुलाला ढोलच द्यावा असा अर्थ काढू नये. त्याला बासरीचा धूसर सूरही आवडू शकतो, आणि तो विचारल्याशिवाय कळत नाही.

अधू दृष्टीच्या मुलीविषयी थोडक्यात लिहिते, कारण संगीताच्या तासात तिची अडचण बहुतेक वेळा आपण फळ्यावर अवलंबून राहिल्यामुळेच निर्माण होते. फळ्यावरचे लिहून घेण्याऐवजी गाणे कानाने शिकवले तर ती अनेकदा वर्गाच्या पुढे असते. छापील स्वरलेखन मोठे केले की एका नजरेत मावणारे स्वर कमी होतात आणि ओळ सतत तुटते, हे लक्षात ठेवावे. ब्रेल वाचणारे मूल असेल तर लुई ब्रेल यांनी 1829 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत संगीतलेखनाचाही विचार होता. ते स्वतः ऑर्गन वाजवत. परंतु ब्रेल बोटांनी वाचायचे असल्याने वाचता वाचता दोन्ही हातांनी वाजवता येत नाही, तुकड्या-तुकड्याने पाठ करावे लागते, आणि त्यासाठी मजकूर काही दिवस आधी हाती द्यावा लागतो. इशारे मात्र मान हलवून न देता श्वास घेऊन, आवाजाने किंवा हलक्या स्पर्शाने द्यावेत, आणि स्पर्शासाठी तिची संमती आधी घ्यावी. वाद्याभोवती हात फिरवून त्याचा आकार समजून घ्यायला तिला पहिल्याच दिवशी पुरेसा वेळ द्यावा.

वाचन अक्षमता असलेल्या किंवा बौद्धिक विकास सावकाश होणाऱ्या मुलांसाठी 1990 च्या दशकात फिनलंडमध्ये तयार झालेली एक लेखनपद्धत मला आवडते. तिच्यात रंगाने स्वर ओळखायचा आणि चौकोन, वर्तुळ अशा आकाराने सप्तक. तेच रंग वाद्याच्या पट्ट्यांवर चिकटवलेले असतात. घरी रंगीत कागदाने अशीच सोय करता येते. रंग ओळखण्यात अडचण असलेली मुले प्रत्येक मोठ्या वर्गात असतात, त्यामुळे तेवढी खात्री आधी करून घ्यावी. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता सहसा कमी आणि पाहिलेले लक्षात ठेवण्याची अधिक असते, आणि त्यांच्यात कानाचे विकारही वारंवार आढळतात, म्हणून चार कडव्यांऐवजी एक कडवे आणि त्यासोबत चित्रे किंवा हातवारे पुरेसे होतात. ओळीचा शेवटचा शब्द आपण न गाता थांबावे आणि तो मुलाला भरू द्यावा. इथेही थांबण्याचा वेळ आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त लागतो. अडखळत बोलणारी बरीच मुले गाताना अडखळत नाहीत, पण घराबाहेर न बोलणाऱ्या किंवा भीतीने मूक राहणाऱ्या मुलाला एकट्याने गायला कधीही भाग पाडू नये.

संपूर्ण तासाच्या रचनेविषयी एक हिशेब मांडते. गोलात बसून प्रत्येकाने दहा सेकंद वाजवायचे ठरवले, तर चाळीस मुलांना सहा मिनिटे चाळीस सेकंद लागतात, आणि आपला नंबर येईपर्यंत स्थिर बसणे ज्यांना सर्वांत कठीण जाते त्याच मुलांवर आपण ही वाट पाहण्याची शिक्षा लादतो. पाच-पाचच्या गटांत एकाच वेळी वाजवले तर हे संपते. सुरुवातीचे गाणे आणि शेवटचे गाणे वर्षभर एकच ठेवावे, मधल्या भागाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा आणि झालेले चित्र मुलांनाच उलटवू द्यावे. ज्यांच्यासाठी हे करतो त्यांच्यापेक्षा उरलेल्या पस्तीस-छत्तीस मुलांना त्याचा उपयोग कमी होतो असे मला कधी दिसले नाही.

आता वेगळ्या तासाचा प्रश्न. संगीतोपचार आणि संगीतशिक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उपचारात संगीत हे साधन असते आणि त्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती लागते. आपल्या तासाचे काम संगीत शिकवण्याचे आहे, आणि ते शिकण्याचा हक्क या मुलांना इतरांइतकाच आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या करारात शिक्षणासोबत सांस्कृतिक जीवनात सहभागाचाही स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणून वर्गाला पर्याय म्हणून वेगळा तास मला मान्य नाही, पण वर्गाची तयारी म्हणून दहा मिनिटांची भेट फार कामाची ठरते. नवे गाणे वर्गात सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलाला, त्याच्या आवडीच्या एक-दोन मित्रांसह, शांत खोलीत ते ऐकवावे, वाद्य हाताळू द्यावे, इशारा ठरवून घ्यावा. दुसऱ्या दिवशी वर्गात ज्याला गाणे आधीपासून येते असा तो एक मुलगा असतो.

वार्षिक कार्यक्रमाबद्दल मात्र आपण आधीच कठोर राहावे. एका शाळेच्या कार्यक्रमात मी एका मुलाला शेवटच्या रांगेत बंद माइक हाती देऊन उभे केलेले पाहिले आहे. पालक टाळ्या वाजवत होते, आणि तो वारंवार माइक कानाशी नेऊन पाहत होता. मुलाच्या आवाजाने कार्यक्रम बिघडेल अशी भीती असेल तर रचना बदलावी. ढोलाआधीची दोन मात्रांची शांतता त्याच्या ठोक्याने तुटेल असे बसवावे, किंवा गाण्याची सुरुवातच त्याच्या सुरावर ठेवावी, आणि तो सूर लागेपर्यंत चाळीस मुलांनी व सभागृहाने थांबण्याचा सराव करून घ्यावा. पाच सेकंदांची ती शांतता पहिल्यांदा सर्वांना फार लांब वाटते. माझ्या अनुभवात मुले ती तीन सरावांत शिकतात, शिक्षकांना सहा-सात लागतात.

आपण पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट करणार असाल तर खुर्चीतल्या मुलीचे सेकंद मोजा. वहीत तारीख, वेळ, वाद्य कुठे ठेवले होते आणि इशाऱ्यानंतर किती वेळाने आवाज आला एवढेच लिहा, आणि पुढच्या वर्षी ती ज्यांच्या वर्गात जाईल त्यांच्याकडे ती वही द्या.